हिशेब जुळत नाही तेव्हा

अमेरिकेतल्या एका छोट्या दवाखान्याची कल्पना करू. सकाळी पेशंट यायच्या आधी नर्स कुलूपबंद कपाट उघडते, ऑक्सिकोडोनची बाटली काढते आणि ट्रेवर गोळ्या मोजते. रजिस्टरमध्ये कालची शिल्लक 63 आहे. ट्रेवर 58 निघतात. ती पुन्हा मोजते, पाच-पाचचे गट करून मोजते, तरी 58च. पाच गोळ्या कमी. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच असतात, तिच्याकडे आणि डॉक्टरांकडे.

अशा वेळी मनात काय येतं ते कुणालाही ओळखता येईल. काल गर्दी होती, एखादी नोंद राहिली असेल. पाचच तर गोळ्या आहेत. पेन घेऊन 63 चे 58 करायला अर्धं मिनिट लागतं. पण या अर्ध्या मिनिटात होणारं नुकसान पाच गोळ्यांपेक्षा कितीतरी मोठं असतं. खाडाखोड झाली की गोळ्या नेमक्या कधी आणि कुणाच्या पाळीत गेल्या हे शोधायची वाटच बंद होते. पुढच्या आठवड्यात आणखी पाच गेल्या तर त्या दुसऱ्यांदा गेल्या आहेत हेही कुणाला कळत नाही.

ऑक्सिकोडोन, मॉर्फिन, फेंटानिल ही अफूशी नातं असलेली किंवा तिच्यासारखं काम करणारी वेदनाशामकं. हाड मोडलेल्याला, कर्करोगाच्या पेशंटला, ऑपरेशन झालेल्याला ती हवीच असतात. त्याच औषधांची सवय लागते, ती चोरली जातात, विकली जातात, आणि मात्रा जास्त झाली की श्वास मंदावून माणूस मरतो. म्हणून अमेरिकेने 1970 साली नियंत्रित पदार्थांचा कायदा केला. त्यात औषधांचे पाच गट पाडले. पहिल्या गटात हेरॉइनसारखे, तिथे वैद्यकीय उपयोग मान्य नसलेले पदार्थ आहेत. दुसऱ्यात मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल येतात, तिसऱ्यात केटामाइन, चौथ्यात डायझेपाम, अल्प्राझोलाम, आणि पाचव्यात अगदी कमी कोडीन असलेली खोकल्याची काही औषधं. 1973 मध्ये स्थापन झालेली डीईए, म्हणजे अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणा, या कायद्याची अंमलबजावणी करते. कायद्यामागचा विचार सरळ आहे. कारखान्यापासून पेशंटच्या हातापर्यंत औषध ज्याच्या ज्याच्याकडून जाईल, त्या प्रत्येकाची नोंदणी असली पाहिजे आणि प्रत्येकाने आपल्याकडे आलेल्या व गेलेल्या मालाचा हिशेब ठेवला पाहिजे. साखळीतली एक कडी जरी हिशेबाला चुकली, तरी तिथून औषध बाहेर गळतं आणि बाकीच्यांची काटेकोर कागदपत्रं निरुपयोगी ठरतात.

जे डॉक्टर फक्त चिठ्ठी लिहून देतात, त्यांच्यावर या साठ्याच्या हिशेबाचा भार पडत नाही, कारण औषध फार्मसी देते आणि नोंदही तिथेच होते. भार पडतो तो स्वतःच्या दवाखान्यात औषध ठेवून ते स्वतः देणाऱ्यांवर. छोटी ऑपरेशन्स करणारे सर्जन, दातांचे डॉक्टर, व्यसनमुक्ती केंद्रं, केटामाइन वापरणारे जनावरांचे डॉक्टर, असे सगळे यात येतात. आपल्याकडे घरच्या डॉक्टरांनी आपल्याच कपाटातून गोळ्या देणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका वाटू नये.

नोंदीची सुरुवात पहिल्याच दिवशी होते. औषध द्यायला सुरुवात करताना हातात जेवढा साठा आहे तो मोजून लिहायचा आणि त्यानंतर किमान दर दोन वर्षांनी संपूर्ण मोजणी करायची. ही मोजणी दिवसाचं काम सुरू होण्याआधी केली की संपल्यावर, हेसुद्धा लिहावं लागतं, कारण मधल्या आठ तासांत साठा बदललेला असतो. दुसऱ्या गटातल्या औषधांची प्रत्येक गोळी मोजायची. तिसऱ्या ते पाचव्या गटांत उघड्या बाटलीचा अंदाज चालतो, पण बाटली हजाराहून जास्त गोळ्यांची असेल तर तिथेही मोजणी अचूक लागते. दुसऱ्या गटातलं औषध मागवायचं तर 222 क्रमांकाचा सरकारी फॉर्म किंवा त्याची इलेक्ट्रॉनिक पद्धत वापरावी लागते. माल हातात आल्यावर त्याच फॉर्मवर किती डबे आले आणि कोणत्या तारखेला आले ते भरायचं. पेशंटला औषध देताना त्याचं नाव, पत्ता, तारीख, किती गोळ्या दिल्या, आणि कुणी दिल्या त्याचं नाव किंवा आद्याक्षरं लिहायची. दुसऱ्या गटाच्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या आणि सगळे कागद निदान दोन वर्षं जपायचे. अनेक राज्यांचे नियम याहून कडक आहेत.

एवढं लिहून ठेवलं की तपासनिसाचं काम नुसत्या बेरीज-वजाबाकीचं होतं. सुरुवातीची शिल्लक घ्या, त्यात आलेला माल मिळवा, दिलेला आणि रीतसर नष्ट केलेला वजा करा. जे उरेल ते कपाटात असलं पाहिजे. पतपेढीतला कॅशियर संध्याकाळी रोकड मोजतो तसाच हा प्रकार. शंभर रुपये कमी भरले तर तो घाबरतोच, पण शंभर जास्त भरले तरी त्याला घरी जाता येत नाही, कारण ते कुणाचे तरी आहेत. औषधाचंही तसंच असतं. कपाटात पाच गोळ्या जास्त निघाल्या तर आनंद मानायचं कारण नाही. एखाद्या पेशंटच्या नावावर तीस लिहून पंचवीसच दिल्या असतील, आणि उरलेल्या पाच कुणीतरी नंतर नेण्यासाठी तिथे ठेवल्या असतील. शिल्लक जास्त असणं हीसुद्धा गडबडच आहे, हे अनेक दवाखान्यांच्या लक्षातच येत नाही.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे अर्धवट वापरलेलं इंजेक्शन. फेंटानिलच्या ॲम्प्युलमध्ये समजा 100 मायक्रोग्रॅम आहेत आणि पेशंटला 50 दिले. उरलेले 50 पेशंटला नको आहेत आणि कपाटात परत ठेवता येत नाहीत. ते वाया घालवायचे आणि तसं लिहायचं. रुग्णालयांतली चांगली पद्धत अशी की वाया घालवताना दुसऱ्या माणसाने ते डोळ्यांनी पाहावं आणि मग सही करावी. प्रत्यक्षात काय होतं? ड्युटी संपत आलेली असते, मैत्रीण म्हणते, "मघाशीच टाकलं गं, जरा सही कर ना", आणि सही होते. ते उरलेलं औषध सिंकमध्ये गेलं की कुणाच्या खिशात, हे त्या सहीवरून कधीच कळणार नाही. न पाहता केलेली साक्षीदाराची सही मला या व्यवहारातली सर्वात धोक्याची गोष्ट वाटते. नोंद नसली तर निदान काहीतरी चुकलंय असं दिसतं. खोट्या सहीमुळे सगळं ठाकठीक आहे असं वाटत राहतं.

आता त्या पाच गोळ्यांकडे येऊ. पहिलं काम शोधायचं. कालची अपॉइंटमेंटची यादी आणि रजिस्टर समोरासमोर ठेवायचं, कुणाच्या केस पेपरवर औषध लिहिलंय पण रजिस्टरमध्ये नाही ते पाहायचं, शेवटच्या मालाचं इन्व्हॉइस काढायचं. नोंद राहिलेली सापडली तर ती मागच्या तारखेच्या ओळींत कोंबायची नाही. आजच्या तारखेने, कारण देऊन, सही करून लिहायची. सापडली नाही तर प्रश्न उभा राहतो की ही चोरी आहे, मोठं नुकसान आहे, की किरकोळ तफावत?

अमेरिकी नियमानुसार चोरी कितीही छोटी असो, कळवावीच लागते. चोरी नसून नुसता तोटा असेल तर तो लक्षणीय असल्यास कळवायचा. लक्षणीय म्हणजे किती याचा आकडा नियमात नाही, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. हजारो गोळ्या हाताळणाऱ्या रुग्णालयातल्या पाच आणि महिन्याला शंभर हाताळणाऱ्या दवाखान्यातल्या पाच सारख्या नसतात. त्याऐवजी नियम काही प्रश्न विचारायला लावतो. व्यवसायाच्या मानाने तूट किती आहे? औषध कोणतं आहे, बाजारात त्याला मागणी आहे का? तूट विशिष्ट माणसांच्या हाताळणीशी किंवा विशिष्ट कामाशी जोडता येते का? पूर्वीही असं झालंय का, त्यात काही क्रम दिसतो का, आधी केलेल्या उपायांचं काय झालं? आपल्या परिसरात या औषधाचा गैरवापर वाढलाय का? आपल्या दवाखान्यात ऑक्सिकोडोन आहे, म्हणजे मागणी असलेलं औषध, आणि किल्ल्या दोघांकडेच आहेत. गेल्या दोन महिन्यांत आणखी एकदा तीन गोळ्या कमी भरल्या होत्या असं रजिस्टर सांगत असेल, तर हा प्रश्न किरकोळ राहत नाही. किरकोळ ठरलेली प्रत्येक तफावतसुद्धा लिहून का ठेवायची ते इथे कळतं. सुट्या सुट्या छोट्या तुटी ओळीने मांडल्या की मगच कुठेतरी पाणी मुरतंय हे दिसतं.

कळवायचं ठरलं की मुदत कडक आहे. तूट ध्यानात आल्यापासून कामकाजाच्या एका दिवसात डीईएच्या विभागीय कार्यालयाला लेखी कळवायचं. इथे भले भले चुकतात. आधी सगळा तपास पूर्ण करू, दोषी कोण ते ठरवू आणि मग कळवू, असं म्हणत तीन आठवडे जातात. नियमाला तेवढी खात्री नकोच आहे. त्याला आधी वर्दी हवी आहे. तपशिलाचा 106 क्रमांकाचा फॉर्म त्यानंतर भरायचा. 2023 मध्ये बदललेल्या नियमानुसार तो ऑनलाइनच द्यावा लागतो, आणि त्यासाठी तूट कळल्यापासून 45 दिवस मिळतात. मधल्या काळात गोळ्या फळीमागे सापडल्या आणि काहीच हरवलं नव्हतं असं निघालं, तर तेवढं लेखी कळवलं की काम भागतं.

काही गोष्टी तोट्यात मोडतच नाहीत. ॲम्प्युल हातातून निसटून फुटली आणि औषध फरशीवर सांडलं तर कुणी काही नेलेलं नाही, औषध कुठे गेलं ते माहीत आहे. गोळा करता न येणारं सांडलेलं औषध साठ्यातून वजा करून लिहायचं आणि प्रकार पाहणाऱ्या दोघांनी सह्या करायच्या. माल वाटेत हरवला आणि दवाखान्याने तो ताब्यात घेतलाच नव्हता, तर कळवायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. आणि पेशंटच्या घरून त्याच्या गोळ्या चोरीला गेल्या तर तो डॉक्टरांच्या साठ्याचा तोटा नाही, कारण त्या गोळ्या डॉक्टरांच्या हिशेबातून आधीच रीतसर बाहेर गेल्या आहेत.

कळवलं की आपणच अडकू, ही भीती खोटी नाही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने आपल्या दोन परिचारिकांनी औषधं चोरल्याचं स्वतः डीईएला कळवलं. दोघींनी मिळून सुमारे 16,000 गोळ्या नेल्या होत्या, बहुतेक ऑक्सिकोडोनच्या. पुढच्या तपासात नियंत्रणातल्या अनेक उणिवा निघाल्या आणि 2015 मध्ये रुग्णालयाने 23 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. म्हणजे कळवल्याने सुटका झाली नाही. पण 16,000 हा आकडा एका दिवसात होत नाही. रोजच्या मोजणीत आणि नोंदीत ढिलाई नसती तर तो शेकड्यातच थांबला असता, आणि कळवायचं पत्रही पुष्कळ आधी गेलं असतं.

न कळवल्याने काय होतं याचं उदाहरण याहून भयंकर आहे. डेव्हिड क्वियाटकोव्स्की नावाचा तंत्रज्ञ अमेरिकेत राज्याराज्यांतून तात्पुरत्या नोकऱ्या करत फिरायचा. हृदयाच्या तपासणीच्या खोलीत ठेवलेली फेंटानिलची भरलेली सिरिंज तो उचलायचा, स्वतःला टोचायचा, तीच सिरिंज सलाइनने भरून जागेवर ठेवायचा. त्याला हेपटायटिस सी होता. पेशंटला वेदनाशामकाऐवजी पाणी मिळत होतं आणि त्याबरोबर विषाणू. 2008 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात त्याच्यावर सिरिंज चोरल्याचा संशय आला. 2010 मध्ये ॲरिझोनात तो स्वच्छतागृहात बेशुद्ध सापडला. दर वेळी नोकरी गेली आणि पुढच्या राज्यात दुसरी मिळाली. 2012 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्झिटर गावच्या रुग्णालयात एकामागून एक पेशंटना तोच विषाणू असल्याचं आढळलं, तेव्हा तो पकडला गेला. वेगवेगळ्या राज्यांत मिळून चाळीसहून अधिक लोकांना त्याच्यामुळे लागण झाली होती. डिसेंबर 2013 मध्ये त्याला 39 वर्षांची शिक्षा झाली.

इथे सिरिंजांची मोजणी बरोबर येत होती, हे विसरता येत नाही. रजिस्टर सिरिंज मोजतं, तिच्यात काय आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून इंजेक्शन देऊनही वेदना कमी होत नसल्याची पेशंटची तक्रार, सुटलेलं सील, नको त्या खोलीत घुटमळणारा सहकारी, यांकडेही हिशेबाइतकंच लक्ष द्यावं लागतं. ज्यांना शंका आली त्यांनी ती ठामपणे योग्य ठिकाणी पोहोचवली असती, तर एक्झिटरचे पेशंट वाचले असते. बहुतेक ठिकाणी मात्र बला आपल्या दारातून गेली यातच समाधान मानलं गेलं.

आणि रजिस्टरच नसेल तर? इंग्लंडमधला डॉक्टर हॅरॉल्ड शिपमन 1976 मध्ये पेथिडीन फसवून मिळवल्याबद्दल आणि बनावट चिठ्ठ्यांबद्दल दोषी ठरला. 600 पौंड दंड झाला, पण वैद्यकीय परवाना राहिला. यापुढे असली औषधं बाळगणार नाही असं तो म्हणाला, आणि पुढे त्याने नियंत्रित औषधांचं रजिस्टर ठेवलंच नाही. साठा नाही, तर तपासायचं काय? प्रत्यक्षात तो पेशंटच्या नावाने डायमॉर्फिन काढत होता आणि कर्करोगाने गेलेल्यांच्या घरी उरलेली ॲम्प्युल्स घेऊन जात होता. न्यायमूर्ती डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत त्याने मारलेले 215 पेशंट निश्चित झाले. 2004 सालचा त्यांचा एक संपूर्ण अहवाल केवळ नियंत्रित औषधांवरच्या देखरेखीविषयी आहे. त्यातूनच ब्रिटनमध्ये 2006 च्या कायद्याने आरोग्यसंस्थांना या औषधांसाठी एक जबाबदार अधिकारी नेमणं बंधनकारक झालं.

आपल्या देशाने मात्र उलट्या बाजूची ठेच खाल्ली. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविषयक कायद्यात शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके किचकट होते की रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. एका खेपेसाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत. सगळे हातात येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. 1985 ते 1997 या काळात देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने असलेल्या देशात कर्करोगाचे पेशंट वेदनेने तळमळत राहिले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर 2014 मध्ये कायदा बदलला. 2015 मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक म्हणून जाहीर झाली. आता राज्याच्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेली संस्था ती ठेवू शकते. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. अटी मोजक्या आहेत: प्रशिक्षित जबाबदार डॉक्टर, रोजच्या वापराची नोंद, आणि वर्षाकाठी हिशेब. नोंद इतकीच असावी की चोरी दिसेल आणि पेशंटचा डोस अडणार नाही. तीस वर्षं आपण ही मर्यादा ओलांडून बसलो होतो आणि त्याची किंमत पेशंटनी मोजली.

इतर औषधांसाठी आपल्याकडे वेगळे नियम आहेत. ट्रामाडोल, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषध नियमांच्या मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच-1 यादीत आहेत. दुकानदाराला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, औषध आणि संख्या लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. त्याच नियमांच्या एक्स यादीतल्या औषधांसाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते, आणि दुकानदाराला एक प्रत दोन वर्षं जपावी लागते. स्वतःच्या पेशंटला औषध देणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांना दुकानाचा परवाना लागत नाही. पण परवाना नको म्हणजे हिशेब नको असं धरून चालणारे दवाखाने पुष्कळ दिसतात. ट्रामाडोलच्या स्ट्रिप्स टेबलाच्या उघड्या ड्रॉवरमध्ये असतात आणि संध्याकाळी ड्रॉवर झाडायला कंपाउंडरचा ओळखीचा मुलगा येतो. अशा ठिकाणी एक जाड वही, एक कुलूप आणि आठवड्यातून एकदा दुसऱ्या माणसाने केलेली मोजणी, एवढ्यानेही मोठा फरक पडेल. माल मागवणारा आणि मोजणारा एकच नसावा, चूक झाली तर आधीचा आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी तारीख आणि सही करावी, आणि दुसऱ्याच्या नावाने कुणीही लिहू नये. यातलं काहीच खर्चाचं नाही.

आपल्या रुग्णालयांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये एक पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. मॉर्फिन किंवा फेंटानिलची रिकामी ॲम्प्युल जमा केल्याशिवाय फार्मसीतून नवी मिळत नाही. पद्धत चांगली आहे, पण ॲम्प्युल फुटली की या पद्धतीचीच भीती वाटते. परत द्यायला काही उरलेलं नसतं, रात्रीचे दोन वाजलेले असतात, आणि सकाळी सिस्टर इन्चार्ज बोलणार हे नव्या मुलीला माहीत असतं. मग ती कुणाची तरी जुनी रिकामी ॲम्प्युल मागून आणते आणि हिशेब जुळवून टाकते. हे थांबवायचं असेल तर तिला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवावं लागेल की फुटली तर काचा तशाच ठेव, जवळच्या दोघांना बोलव, वेळ लिही, तिघांच्या सह्या घे, आणि ड्युटीवरच्या भूलतज्ज्ञांना त्याच वेळी फोन कर. आणि फोन आल्यावर भूलतज्ज्ञांनी आधी तिच्या हाताला काच लागली नाही ना ते विचारावं, मग उठून येऊन सही करावी.